हिरीसाठी धरलेलं कासव

आमच्या वस्तीच्या हिरीला पायऱ्या व्हत्या. पायऱ्या उतरायच्या, घोट्याएवढ्या पान्यात उभं राहायचं आन् घागर भरायची. ज्याच्या पायाला नारू निघालाय त्योबी तिथंच उभा राहायचा, जानार कुठं. नारू म्हंजी काय, हे आताच्या पोरींला सांगावं लागतं. सुतासारखा पांढरा किडा. पायात वाढतो, फोड येतो, फोडातून तोंड काढतो. मंग त्याला काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. तुटला तर पाय सुजून भोपळ्यावानी व्हतो. माह्या थोरल्या पोरीच्या टाचंला निघाला तवा ती न्हातीधुतीबी झाली न्हवती. पायाला काडी बांधलेली, तशीच रांगत चुलीपशी यायची.

विद्यापीठाला नाव द्यायच्या मागनीवरून दंगली झाल्या, त्याच्यानंतरचा हा उन्हाळा. आमच्या गावात जाळपोळ झाली न्हाई, हे गावचे लोक अजून मोठ्या तोंडानं सांगतात. जाळलं न्हाई. आमचं शेतातलं काम बंद केलं, गिरनीतलं दळन बंद केलं. गावची बारव शंकराच्या देवळाम्होरं. चिरेबंदी, पानी असं की तळ दिसावा. तिथं आमाला आधीपासूनच बंदी व्हती, ते काय नवीन न्हवतं.

म्हनून आमी बाया सडकंच्या कामावर जायचो. जिंतूरची सडक रुंद करायचं काम निघालतं. मुकादम गावचाच, देवळाच्या पंचातला. सरकारी काम, त्याला आमाला नको म्हनता येईना. पन हजेरी घ्यायचा ती आमच्या डोक्यावरून झाडाकडं बघत घ्यायचा.

त्या दिशी बाजार व्हता. ट्रका, एस्ट्या, बैलगाड्या, नुसती रीघ लागलेली. खालचं तळं आटलं व्हतं, तिथलं कासव पानी हुडकीत निघालं आसंल. परातीएवढं. सडकंच्या बरोबर मधी आलं आन् मान आत घेऊन बसलं. एका ट्रकचं चाक त्याला घासून गेलं, तसं ते जागच्या जागी गर्रकन फिरलं. म्या डोक्यावरची पाटी टाकली आन् पळाले.

बघनाऱ्याला वाटलं आसंल, हिला लय दया आली. दया कशाची. माह्या आज्जीच्या गावाला हिरीत कासव सोडलेलं व्हतं. ते पान्यातले किडे खायचं, आन् तिथं कुनाला नारू झालेला म्या बघितला न्हवता. वस्तीतल्या बाया कितीदा म्हनल्या व्हत्या, कुठून तरी कासव गावलं पाहिजे. ते माह्या डोळ्याम्होरं चाकाखाली जायलं व्हतं.

समोरून एस्टी यायली व्हती. म्या हात आडवा केला. डायवरनं ब्रेक दाबला, गाडी माह्या लुगड्याला येऊन लागली. कंडाक्टर खिडकीतून वाकून म्हनला, "मावशी, ते शंभर वर्सं जगतंय. तुहं काय?"

गाडीतले समदे हसले. म्याबी हसले, खोटं न्हवतं ते. कासव पाठीकडून उचललं, पाटीत घातलं, वरून वलं बारदान टाकलं. लय जड. आत पाय खरडायलं व्हतं. म्हनलं, घरी गेल्याबरुबर पोरीच्या हातानं हिरीत सोडायचं.

मुकादमानं बघितलं व्हतं. आला. पाटीत काय हाय म्हनला.

"कासव हाय, मालक. आमच्या हिरीत सोडायचंय. पोरीला नारू हाय."

"हिरीत का हंड्यात?"

कामावरचे गडी हसले. आमच्या बाया खाली बघून खडी फोडत राहिल्या. मुकादम म्हनला, शंकराचं जनावर हाय, तुमच्यात गेलं की शिजतंय, त्याला देवळाच्या बारवंत सोडू.

आता खोटं कशाला बोलू. आमच्या मानसांनी कासव खाल्लेलं हाय. दुस्काळात खाल्लं, भुकंनं खाल्लं. पन त्या दिशी मनात काय व्हतं ते म्या त्याला सांगितलं व्हतं. आनिक सांगितलं असतं तर उद्यापून येऊ नको म्हनला असता. मंग चुलीवर काय ठिवलं असतं.

"खाली ठेव," म्हनला. माह्या हातून घ्यायचं न्हवतं त्याला. म्या पाटी कलती केली. कासव जरा येळ दगडावानी बसलं, मंग मान काढली आन् निघालं सरळ सडकंकडं. मुकादम धरायला वाकला, कासवानं तोंड वासलं, तसा त्यानं हात मागं घेतला. गड्यांकडं बघितलं, गडी मागं सरले. तिकडून ट्रक यायला व्हता.

"धर की," मला म्हनला. "बघतीस काय?"

तवा म्या कासव दुसऱ्यांदा धरलं. गावातून देवळापस्तोर म्याच नेलं. मुकादम म्होरं, मी मागं. बाया दारात येऊन हात जोडायल्या व्हत्या, माह्या डोक्यावरच्या पाटीला. देवळाच्या आवाराभाईर मला थांबवलं. गुरवानं कासवावर कळशीभर पानी वतलं, माहा हात लागला व्हता ना त्याला. मंग हळदकुंकू लावलं. तवर ते मान आत घेऊन बसलं व्हतं, म्हनून गुरवाच्या हातात तरी आलं. बारवंत पडल्याचा आवाज म्या भाईरून ऐकला. मुकादम म्हनला, चल, खडी पडलीय.

बायांनी घरी आधीच सांगितलं व्हतं, कासव गावलं म्हनून, म्होरचं न्हाई. पोरगी पाय लांब करून दारात बसली व्हती. कासव कुठंय म्हनली. म्या म्हनलं, देवाला दिलं.

"देवाला नारू हाय का, माय?"

म्या चूल पेटवली.

म्होरल्या उन्हाळ्यात तिच्या दुसऱ्या पायाला निघाला आन् तुटला. मांडीपस्तोर सूज, अंगात ताप. दवाखान्याचा मानूस वस्तीवर आला, म्हनला हिरीचं पाजू नका, चांगलं पानी द्या. म्या घागर घेऊन देवळाकडं गेले, आवाराभाईर उभी राहिले. गुरवीन पानी भरून वर यायली व्हती. मला बघून तोंड भरून म्हनली, "तुहं कासव लय गुनाचं निघालं. पानी कसं आरशावानी झालंय."

"एक घागर वरून वता, बाई. पोरगी तापलीय."

तिनं इकडं तिकडं बघितलं. बाई वाईट न्हवती. "थांब," म्हनली, "आत इचारून येते."

म्या थांबले. सावली पायाखालून सरकून गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला, तरी जरा येळ थांबले. मंग वस्तीच्या हिरीत उतरले, पदर दुहेरी करून घागरीच्या तोंडाला धरला आन् गाळून भरली. पोरीला तेच पाजलं.

वस्तीत हापसा आला तवर तिचा गुडघा आखडून गेलता. तशीच तिला नांदायला धाडली.