खांबाखालचा दुसरा माणूस

माझी फौजेतली शेवटची पोस्टिंग बर्फातल्या एका चौकीवर होती. काम सिग्नलचं. मी हवालदार, टेलिफोन एक्सचेंजवर. लाइनवर जाणारे दोघे माझ्याच तहसिलीतले: सौंसरचा नायक मधुकर ढोके आणि रामाकोन्याचा लान्स नायक विलास सोमकुवर. बर्फाने तार तुटली की हे दोघे जाऊन जोडत.

नियम साधा होता. एक खांबावर, एक खाली. वरच्याने मधूनमधून विचारायचं, "खाली कोण?" खालच्याने स्वतःचं नाव सांगायचं. नुसतं 'हो' चालत नसे. वाऱ्यात 'हो' ऐकू आल्याचा भास होतो, नावाचा होत नाही. ड्रिल हिंदीत शिकवलेलं होतं. हे दोघे ते मराठीत करत आणि सुभेदार साहेब तिकडे दुर्लक्ष करत.

त्या दिवशी सकाळी लाइन बंद पडली. दोघे निघाले. दुपारी मधुकरने खांबावरूनच टेस्ट फोन लावला.

"एक्सचेंज, लाइन ठीक?"

"ठीक. उतरा."

तेवढ्यात फोनमध्ये मोठा आवाज झाला. वरच्या कड्यावरचं बर्फ सुटलं होतं. खांब टिकला. मधुकर पट्ट्याने त्याला बांधलेला होता. मला त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. "खाली कोण? खाली कोण?" मग तो शांतपणे मला म्हणाला, "हवालदार साहेब, खाली कोणी नाही."

विलास दुसऱ्या दिवशी सापडला.

पुढे मधुकर आणि मी, दोघेही पेन्शनवर गावी आलो. आम्हाला ज्या वयात पेन्शन मिळते, त्या वयात इथला मास्तर पहिल्या बढतीची वाट पाहत असतो. मी वाचनालयात जाऊ लागलो. मधुकर अंगणातल्या खाटेवर बसला, तो बसलाच. इतका चांगला लाइनमन मी दुसरा पाहिला नाही. त्याने बसून राहावं हे मला सहन होईना.

मी कामं शोधली. पांढुर्ण्याला एका बँकेत बंदूकधारी हवा होता.

"दारावर उभं राहून लोकाइचे जोडे मोजू का?" मधुकर म्हणाला.

संत्र्याच्या मंडीत सुपरवायझर हवा होता. तिथे म्हणे व्यापारी फार बोलतात. लोधीखेड्याला मोटरपंप दुरुस्तीचं दुकान चालवायला मिळत होतं. तिथे म्हणे कोणीच बोलत नाही. प्रत्येक वेळी मी सायकल काढायचो, चौकशी करायचो, शब्द टाकायचो आणि त्याच खाटेसमोर येऊन तेच ऐकायचो. फौजेत मी पोरांना पहाटे उठवून डोंगर चढायला लावलेत. या एका माणसाला मला अंगणाबाहेर काढता येत नव्हतं.

मग बोरगावच्या एका कारखान्यात लाइनमनची जागा निघाली. त्याचंच काम. ठेकेदाराने सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. मी शनिवारी गेलो.

"खांबावर चढाचं काम आहे. आता काय सांगशील?"

त्याने अंगणापलीकडच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाली कोण राहीन?"

"हेल्पर देतात."

"कोण हेल्पर?"

"मला काय ठाऊक? देतील कोणी तरी."

"कोणी तरी नाही चालत, साहेब."

माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुला काम करायचंच नाही, असं सरळ सांग. मी कायले सायकल झिजवून राहिलो?"

त्याची बायको सुनीता ओट्यावर कापूस निवडत होती. गेले कित्येक महिने ती माझ्यामागे लागली होती, भाऊजी, याइले उठवा, माणूस बसून बसून माती होऊन राहिला. ती मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुमी कुठं जाता कामाले?"

"मी?"

"पेन्शन तर तुमालेबी भेटते. पुस्तकं वाचता अन् दुसऱ्याले उठवता."

मधुकर हसला. विलास गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मला राग आला. मी सायकल काढून घरी गेलो. रविवारी मी ठेकेदाराकडे गेलो. हेल्परची जागा रिकामी होती, ती मी मागितली. या वयाचा हेल्पर कशाला, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, लाइनमनची अट आहे.

मधुकरला सांगितलं तेव्हा तो खाटेवरून उठून उभा राहिला. "हवालदार हाताखालच्या नायकाचा हेल्पर होईन? लोक हसतीन न."

"हसू दे. सोमवारी आठला तयार राहा."

सोमवारी तो तयार होता. आवारातल्या दिव्याच्या खांबाला त्याने पट्टा बांधला, दोनदा ओढून पाहिला. चढताना तो पाय ठेवायची प्रत्येक जागा आधी चाचपून पाहत होता. मी खालून बघत होतो. वर पोचल्यावर काही वेळ तो नुसता खांब धरून राहिला. कारखान्यातून यंत्रांचा आवाज येत होता.

"खाली कोण?"

"पराते," मी माझं नाव सांगितलं.

तो कामाला लागला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. दिवा लागला. तो उतरला, पट्टा सोडला, घाम पुसला.

"साहेब, आवाज लय बारीक आहे तुमचा."

"माहीत आहे."

"मोठ्यानं बोलत जा. उद्या वारा असला तं?"

"बोलेन."

खांबाखालचा पहिला माणूस लान्स नायक विलास सोमकुवर, रामाकोना. आवाज भसाडा होता. कितीही वारा असला तरी वर ऐकू यायचा.