निलगिरीला लावलेला चुना

बेंगळुरूच्या संशोधन केंद्रात मी मातीचं काम करायचे, तेव्हा आमचे विभागप्रमुख पुण्याचे होते. वरिष्ठ मराठी मिळाले म्हणून घरी सगळ्यांना आनंद झाला. माझा तो फार टिकला नाही.

हेब्बाळच्या पुढे आमची निलगिरीची प्रायोगिक लागवड होती. निलगिरी लावायला तेव्हा अजून मुभा होती. तिथली तांबडी माती आम्लधर्मी. निलगिरीला ती चालते, थोडं कॅल्शियम तेवढं लागतं आणि त्यापुरता चुना पुरतो. पण सरांना चुना आवडायचा, कारण तो दिसतो. तांबड्या रानावर पांढरा थर पसरला की पाहुण्यांना काम झाल्यासारखं वाटतं, आणि या गृहस्थांची शास्त्राशी ओळख तेवढीच होती.

मी म्हटलं, "सर, एवढ्या चुन्यानं मुळांना बोरॉन मिळणार नाही. निदान जोडीला थोडं बोरॅक्स देऊ या."

"बोरॅक्स? अहो मॅडम, ते कॅरमवर टाकतात!"

कॅरमवर टाकतात ते बोरॅक्स नव्हे, बोरिक पावडर. पण सर हसले म्हणून सगळे हसले.

उन्हाळ्यात शेंडे गेले. वरची पानं चुरगळून ठिसूळ झाली, कोंब वाळले, बाजूनं फुटवे निघून सरळसोट झाडांचे खराटे झाले. सरांनी निदान केलं, कीड. फवारणी झाली.

"पण कीड दिसत नाही कुठं, सर."

"ती रात्री येते."

हे त्यांनी गंभीरपणे सांगितलं. मी बोरॅक्सचा धोशा सोडला नाही. शेवटी माझ्या तगाद्याला कंटाळून म्हणाले, "घाला तुमची कॅरमची पावडर, त्या कडेच्या ओळींना."

पाऊस पडून ओल झाल्यावर मी खोडापासून हातभर लांब, गोल आळं करून, अगदी मोजकं बोरॅक्स दिलं. कडेच्या ओळींवर कोवळे, सरळ शेंडे चढू लागले. सरांनी ते पाहिलं आणि बोरॅक्सची पोती मागवली.

"थोड्यानं एवढं झालं, तर जास्तीनं किती होईल, इमॅजिन करा!"

"सर, बोरॉन जरा जास्त झालं तरी पानं करपतात."

"तुम्ही फार निगेटिव्ह आहात, मॅडम."

पोती सगळ्या रानात रिकामी झाली, माझ्या ओळींवरसुद्धा. पानांच्या कडा तपकिरी होऊन जळाल्या. नेमके तेव्हाच बाहेरगावचे तज्ज्ञ पाहणीला आले. सरांनी एक करपलेलं पान तोडून वर धरलं आणि हिंदीत जाहीर केलं, "यावरून सिद्ध होतं की बोरॉन निलगिरीला घातक आहे."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, आधी चुना तुम्हीच भरमसाट घातलात, मग बोरॅक्सही तुम्हीच. यावरून जे सिद्ध होतं, ते बोरॉनबद्दल नाही."

कोणीतरी खोकलं. सर म्हणाले, "चला, कॉफी गार होतेय."

मला बियाण्यांच्या खोलीत बसवण्यात आलं. पुढच्या पावसाळ्यात जास्तीचं बोरॉन धुऊन गेलं, झाडं सावरली, आणि सरांनी ते आपल्या देखरेखीचं फळ म्हणून सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे तिकडचा मानाचा फेटा, चढला. आयोजकांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या गावाकडच्या, दोन शब्द बोलाल?"

मी नाही म्हटलं आणि सगळ्यांची भाषणं सुरू असतानाच घरी निघाले.