चौकटीचा मान

टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि तिथंच काढून घेतली. घरमालकाच्या सगळ्या भावकीसमोर.

उचगावात एका बंगल्याची चौकट उभी राहत होती. आमच्याकडं दाराची चौकट बसवायची म्हणजे घरातलं कार्यच. आंब्याचा डहाळा, हळदीकुंकू, पिवळ्या फडक्यात बांधलेलं धान्य. आणि चौकट करणाऱ्या सुताराला मानाचा टॉवेल, टोपी, नारळ. सागवानाची ती चौकट मी केली होती. आयटीआयत सुतारकाम शिकून मिस्त्रींच्या हाताखाली लागलो, त्यानंतरचं माझं पहिलं पूर्ण काम. मिस्त्री जातीचे सुतार. त्यांनीच कौतुकानं मला पुढं केलं.

"पोरानं एकट्यानं केलीया. मान त्येलाच द्या."

मालकानं टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. नारळ देता देता हसून विचारलं, "पावणं, आडनाव काय तुमचं?"

सांगितलं. कोल्हापुरात ते आडनाव सांगितलं की पुढं काही सांगावं लागत नाही.

टोपी गेली, टॉवेल गेला. माझ्या डोक्याला लागलेली टोपी मिस्त्रींना कशी घालायची, म्हणून नवी आणायला कुणालातरी गाडीवरून पिटाळलं. ती येईपर्यंत सगळे थांबले. पहिली टोपी लाकडाच्या भुशावर पडून राहिली. चौकट मात्र बदलली नाही. सागवान महाग! तिच्यावर गोमूत्र शिंपडलं, भागलं.

नारळासाठी पुढं केलेला हात मी खिशात घातला. लाज त्यांना वाटायला हवी होती, वाटली मला. त्याचाच राग अजून जात नाही.

परत येताना मिस्त्री म्हणाले, "मनावर घिऊ नगंस. हितनं पुढं कुणी इचारलं तर माझा भाचा म्हणून सांगायचं. सुतार म्हटलं की भागतंय."

माणूस वाईट नव्हता. उपकारच करतोय असं त्याला वाटत होतं. वाईट माणसाला तोंडावर शिव्या तरी देता येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेलो. काम सोडून जाणार कुठं?

पुढचं काम कागलला. चौकट पुन्हा माझ्याच हातची. घरातली म्हातारी मानाचं ताट घेऊन आली. मिस्त्रींनी सांगून टाकलं, "ह्यो माझा भाचा." म्हातारीनं मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"व्हय? आई म्हंजी मिस्त्रींची थोरली भन का धाकटी?"

माझ्याआधी मिस्त्री बोलले. "धाकटी."

माझी आई फौंड्रीत वाळू चाळते. नाकातोंडात काळी धूळ घेऊन तिनं मला शिकवलं. आणि इथं एका शब्दात तिला पुसून टाकलं. माझ्या देखत. अंगाची आग झाली.

"न्हाय, आजी," मी म्हणालो. "माझी आई ह्यांची कुणी न्हवं." मग आईचं नाव सांगितलं, माझं सांगितलं, आडनाव सांगितलं. वस्तीसुद्धा सांगितली. "चौकट मी केलीया. आता द्या मान."

पाठीवरचा हात निघाला. म्हातारीनं ताट आपल्या अंगाशी ओढलं. एकजण खेकसला, "जा की मग आता, हुबा काय ऱ्हायलास?" रंधा, पटाशी, करवत पिशवीत भरली आणि निघालो.

मिस्त्रींनी रस्त्यावर गाठलं. "येडा हाईस काय? माझं गिऱ्हाईक तोडलंस!"

"तुमच्या गिऱ्हाइकासाठी आई बदलू व्हय?"

त्यांनी गाडीला किक मारली आणि गेले. परत कधी बोलावलं नाही.

आता घरामागं पत्रा टाकून स्वतःचं काम करतो. फोन आला की आधी आडनाव सांगतो, मग माप विचारतो. बरेच जण "कळवतो" म्हणतात. कळवत कुणीच नाही. आई कधी कधी चिडते. "एवढा ताठा बरा न्हवं. खाशील काय?" तिचं खोटं नाही. महिन्यात बरेच दिवस हात रिकामे असतात.

पण आडनाव ऐकून ज्याचं तोंड वाकडं होतं, त्याच्या घराची चौकट मी करणार नाही. उपाशी राहीन. भाचा होणार नाही.