टेस्टर घेताय का जावई बघताय?

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या हत्यारांच्या पिशवीच्या तळाला जसे वायरचे तुकडे, स्क्रू आणि कुणाकुणाच्या घरचे जुने होल्डर साठत जातात, तसे तेही साठतात. चहाला बसलं की पिशवी उपडी करायची, एवढंच!

आमची वायरिंगवाल्यांची टोळी तिघांची. बाबगोंडा अण्णा मालक. ते निपाणीकडचे, एकाच वाक्यात कन्नड आणि मराठी बोलणारे. मारुतीमामा त्यांचे जुने सोबती. आणि मी, येळ्ळूरची विद्या, आयटीआय करून त्यांच्याकडे लागलेली अप्रेंटिस. आमच्यात नवीन माणसाला पहिल्या दिवशी काम मिळत नाही. टेस्टर मिळतो. आणि तो निवडायला अण्णा स्वतः दुकानात येतात.

*

बेळगावातल्या दुकानात मी लगेच एक छान पारदर्शक, पिवळ्या टोपीचा टेस्टर उचलला. अण्णांनी तो घेतला, दांड्यावरचं प्लास्टिक नखानं खरवडलं, काउंटरवरच्या चालू सॉकेटमध्ये घातला, वर तळहाताची सावली धरली. दिवा लागला.

"इन्नोंदु," अण्णा म्हणाले. म्हणजे आणखी एक.

दुसरा आला. "इन्नोंदु." तिसऱ्याची टोपी हलत होती. चौथ्याचा दिवा मिणमिणत होता. सगळा काउंटर टेस्टरांनी भरला. मागं गिऱ्हाईक खोळंबलं.

शेवटी दुकानदार वैतागला. "अण्णा, टेस्टर घेताय का पोरीसाठी जावई बघताय?"

अण्णांनी मानसुद्धा वर केली नाही. "जावई एकदाच बघायचा असतोय. ह्याला रोज बघाय लागतंय!"

*

शेवटी एक पसंत पडला. अण्णा म्हणाले, "टोपीवर बोट ठेव." ठेवलं. दिवा लागला. "आता काढ." काढलं. दिवा गेला.

"कळलं काय? त्यो तुझ्यातनं पेटलाय. करंट दिव्यातनं तुझ्यात, तुझ्यातनं जमिनीत. लई बारीक. तुला कळतबी न्हाय."

मी आयटीआयमध्ये हेच पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. घरी जाईपर्यंत मी माझ्या बोटाकडेच बघत होते.

आमची आई बोर्डाला जन्माची घाबरलेली. एकदा ओल्या हातानं झटका बसला होता, तेव्हापासून ती बटणं लाटण्यानं दाबायची. खरंच सांगते, लाटण्यानं! तिला मी टेस्टर सॉकेटमध्ये घालून दाखवला. बराच वेळ ती लांबूनच बघत राहिली. मग पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि बोट ठेवलं.

दिवा लागला.

"माझ्यातनं जातंय व्हय गं हे?"

"व्हय."

"आणि मला काय सुदीक व्हईना झालंय!"

दुसऱ्या दिवशी कामावर निघाले तर टेस्टर जागेवर नाही. शोधत गेले, तर आई शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. समोर गल्लीतल्या बायका रांगेत! आणि आई दरडावत होती, "एकेकीनं या. हात कोरडे करून या!"

*

असल्या टेस्टरचा दिवा उन्हात दिसत नाही. त्यावर मारुतीमामांचा उपाय म्हणजे डोक्याचा टॉवेल. मोटरच्या बोर्डावर आणि स्वतःच्या डोक्यावर मिळून एकच टॉवेल टाकायचा आणि आत शिरायचं.

एकदा आमच्याच शिवारात मामा असे आत शिरले होते. शेतमालक म्हातारबाबा समोर उभे होते. त्यांनी आधी टोपी सारखी केली. मग सदऱ्याची बटणं लावली. मग ताठ उभे राहिले.

मामा आतून ओरडले, "आला, आला, झकास आला!"

"जरा थांब रं," बाबा म्हणाले. "हिलाबी बोलावतो. दोघांचा एकत्र फोटो काढ!"

*

मच्छे गावात एका वर्कशॉपमध्ये काम होतं. मेन स्विच बंद केला होता. मामा लाकडी शिडीवर चढले, वायरला टेस्टर लावला. दिवा नाही. "बंद हाय," म्हणाले आणि पक्कड काढली.

"मारुती, खाली ये," अण्णा म्हणाले.

"अवो, बंद हाय न्हवं!"

"टेस्टर आधी चालू जागी लावून बघितलास?"

"कालच पेटलता की!"

"खाली ये."

मामा कुरकुरत उतरले. अण्णांनी त्यांचा टेस्टर वेगळ्या लाइनवरच्या ऑफिसमधल्या चालू सॉकेटमध्ये लावला. तिथेही दिवा नाही. टेस्टरच मेलेला! मग अण्णा स्वतःचा टेस्टर घेऊन वर गेले. त्याच वायरवर लालभडक दिवा. जनरेटरची लाइन कुणीतरी भलतीकडे जोडून ठेवली होती.

मामा सिमेंटच्या पोत्यावर बसले. मी पाण्याची बाटली पुढं केली. आपला मेलेला टेस्टर अण्णांकडून परत घेत ते म्हणाले, "लग्नाच्या आधीपासनं हाय ह्यो माझ्याकडं."

"म्हणून काय वहिनीचं कुंकू त्याच्यावर ठेवायचं?" अण्णा म्हणाले.

मग अण्णाच उठले आणि मामांना घेऊन दुकानात गेले. सगळा काउंटर पुन्हा भरला म्हणे!

*

पुढं मी वायरला न टेकवता नुसता जवळ नेला तरी वाजणारा पेन टेस्टर घेतला. एकदा निपाणीकडून अण्णांच्या गाडीवर परतत होतो. एका घरी एलईडी बसवून काढलेली जुनी, उडालेली ट्यूब माझ्या हातात होती. दिवस मावळला होता. पाणी प्यायला माळावर थांबलो, आणि खिशातला पेन आपोआप वाजायला लागला. जवळ ना वायर, ना बोर्ड. बाहेर काढला तर जास्तच वाजतोय.

"अण्णा, बिघडला वाटतं. उद्या बदलून आणते."

"बिघडला न्हाय. खरं बोलायलाय." अण्णांनी वर बोट केलं. डोक्यावरून विजेच्या टॉवरची मोठी लाइन गेली होती, बारीक आवाजात गुणगुणत.

"ती ट्यूब उभी धर. खालीच धर, वर उचलू नको."

मी धरली. माझ्या हातात, कशालाही न जोडलेली ती उडालेली ट्यूब हळूहळू पांढरी झाली.

तिथंच एका धनगरानं मेंढरं बसवली होती. तो उठून आला, ट्यूबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात पुढं केला. मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दे."

त्याच्याही हातात ती उजळलेलीच राहिली. तो ट्यूब छातीशी धरून मेंढरांमधून चालायला लागला. जाईल तिथं मेंढरांच्या पाठी उजळायच्या. चालत चालत तो लाइनीपासून लांब गेला तशी ट्यूब मंद झाली, आणि विझली.

अंधारात तो थोडा वेळ उभा राहिला. मग वळला आणि ट्यूबवर डोळे ठेवून एक एक पाऊल टाकत लाइनीकडं परत यायला लागला.