देठ काही सुटेना

आखाती देशातल्या समैस्म्याच्या किनाऱ्यालगत नीताताईंचा बंगला आहे. तिथली बाग जहूरच्या हाती. माणूस रत्नागिरीकडचा, आंब्याची कलमं बांधण्यात हात मुरलेला. खजूर, बोगनवेल, कडुलिंब, सगळे त्याचं ऐकत. परकं वाटायचं ते एकच, कुंडीतलं बीचचं, थंड मुलखातलं झाड. ताईंची लेक गार्गी जर्मनीत जन्मली, त्या वर्षी तिथल्या दारात पडलेलं बी ताईंनी रुजवलं होतं. आता ते कमरेला लागत होतं. उन्हाळाभर एसीच्या काचखोलीत, थंडीत घरामागच्या सावलीत, असा त्याचा थाट.

जहूरची इथली ही पहिलीच थंडी, आणि घरचे सगळे पुण्याला निघाले. "जहूरभाई, गार्गीच्या झाडाकडे लक्ष ठेवा," ताई म्हणाल्या.

आठवडाभरात पानं तांबूस होऊन वाळली. वाळली, पण गळेनात.

 कलम बांधणाऱ्याची खूण ठरलेली: बांधलेल्या काडीवरचा पानाचा देठ बोट लागताच गळला, तर कलम जगलं, चिकटून राहिला, तर काडी मेली. जहूर देठ हलवून बघे. देठ हटायचा नाही. सकाळी बघे, नमाजाहून येताना बघे, जेवता जेवता उठून बघे.

"बायकोची एवढी चौकशी केलीस कधी?" त्याच्याच खोलीत राहणारा ड्रायव्हर मुदस्सिर हसला. "खलास झालं ते. टाक उपटून."

शेवटी जहूरनं कुंडी आडवी केली आणि झाड ओढलं. मातीत पांढरी, ओली मुळं चमकली. किती तरी तुटलीही.  घाईघाईनं माती लोटून त्यानं ताईंना फोन लावला.

"ताई, झाड मेलं म्हणून मी उपटलं. मुळं जिवंत होती. परत लावलंय."

"अहो, ते थंडीभर वाळकी पानं धरूनच बसतं!" ताई ओरडल्या.  "गार्गीला मी काय सांगू?"

त्यानंतर जहूरला चैन पडेना. कुंडीवर सावली धरी, पाणी घालायला जाई, माती ओली बघून परत फिरे. थंडी ओसरत आली. दुसरी झाडं तहानेनं माना टाकत होती, तरी त्याचे पाय घरामागेच वळत.

एका सकाळी सवयीनं त्यानं बोट लावलं. पान अलगद हातात आलं. शेजारी नव्या पानाचा टोकदार डोळा फुगून उकलत होता.

"ताई, देठ सुटला!"

"म्हणजे? गेलं का हो?"

"नाही ताई," जहूरला धड बोलवेना. "जगलं."