फक्त बायकांसाठी

अबू खसीब गावात लग्न ठरलं की पहिला निरोप वफीकाकडे जायचा. वफीका हफ्फाफा होती. नवरीच्या चेहऱ्यावरची लव दोऱ्याने काढायची, भुवया कोरायच्या, केस धुऊन मोकळे सोडायचे, हे तिचं काम. अठ्ठावीस वर्षांत खजुराच्या बागांमधलं एक घर तिने सोडलं नव्हतं. कुणाच्या मानेवरचा भाजल्याचा डाग, कुणाच्या दंडावरचे वळ, घरच्या पुरुषांनाही ठाऊक नसलेलं तिला ठाऊक असे. एका घरातलं दुसऱ्या घरात तिने कधी नेलं नाही. या विधवा बाईने एकटीच्या हिमतीवर मुलगी कॉलेजला धाडली, ती या झाकल्या तोंडाच्या जोरावर.

दोन वर्षांपूर्वी मुलगी निब्रास म्हणाली, "यम्मा, हल्लीच्या मुली आधी फोटो बघतात, मग बोलावतात." तिनेच फोनवर बायकांचा एक बंद गट काढून दिला. आत यायचं तर आपल्या आवाजात निरोप पाठवायचा: मी अमकी, तमक्याची लेक. तो आवाज वफीका स्वतः ऐके, आणि ओळख पटली तरच दार उघडे. घोगऱ्या आवाजाच्या हूरियाला तिने तीनदा बोलायला लावलं होतं.

"अगं, माझा आवाज नवऱ्याहून जाड आहे, त्याला मी काय करू?" हूरिया करवादली होती.

"मग त्याला बोलू दे. नाजूक आवाज आला तर दोघांनाही घेते!" वफीकाने सुनावलं, आणि गटातल्या बायका दिवसभर हसल्या.

नौरसचा फोटो तिथे लागला तो वसंतातल्या कोवळ्या उन्हाच्या दिवसांत. कमरेपर्यंत केस, बिनबाह्यांचा घरातला झगा, नुकताच दोरा फिरलेला लालसर चेहरा, आणि तोंडभर हसू. "टाका ना, खाला," तिनेच हट्ट धरला होता. "एवढे केस वाढवले, निदान बायकांना तरी जळू द्या." नौरस निब्रासच्याच वर्गातली. लग्न गुरुवारी होतं.

आदल्या शनिवारी भर दुपारी निब्रास कॉलेजातून आली ती अंगावरचा काळा अबाया न उतरवता दारातच उभी राहिली.

"यम्मा, नौरसचा फोटो बाहेर गेलाय. सगळ्यांना दिसतोय."

कुणीतरी 'अबू खसीबच्या नवऱ्या' अशा नावाचं पान काढलं होतं. सगळ्यात वर नौरस. खाली चारशे पुरुष. एकाने केसांना किलोचा भाव विचारला होता. दुसऱ्याने तिच्या बापाचं नाव लिहून टाकलं होतं.  वफीका उंबऱ्यात बसली.

संध्याकाळपर्यंत छडा लागला. गटातल्या साजिदाने नवा फोन घेतला होता आणि जुना दिराला दिला होता.

"खाला, सिमकार्ड काढूनच दिलं होतं मी!" ती फोनवर रडत होती. "आत माझं खातं उघडं राहतं हे कुणी सांगितलं मला?"

आवाज साजिदाचाच होता, वफीकाने ओळखूनच घेतला होता. आवाज एकदा पटला की पुढे तो फोन कुणाच्या हातात जातो, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. दिराने कुराणावर हात ठेवला: ते पान माझं नाही, मी फोटो फक्त मित्रांना पाठवला. कोणत्या मित्रांना? ते त्यालाच धड सांगता येईना.

निब्रास तक्रार करायला बसली. ज्या कंपनीवर ते पान होतं, तिने तक्रारीची कारणं दिली होती, त्यांतलं एक निवडायचं. नग्नता. हिंसा. फसवणूक. जे घडलं होतं त्याला त्या यादीत नावच नव्हतं. तिने 'नग्नता'वर बोट ठेवलं. चार मिनिटांत उत्तर आलं: आम्ही फोटो तपासला, तो आमच्या नियमांविरुद्ध नाही.

"कुणी तपासला? बाईने की पुरुषाने?"

"कुणीच नाही, यम्मा. यंत्राने."

"मग त्या यंत्राला सांग, पोरीचा बाप जिवंत आहे. दोन भाऊ आहेत. ते तिला सोडतील का? सांग त्याला!"

"सांगायला जागाच नाहीये," निब्रास म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

रविवारी सकाळी वफीका नवऱ्या मुलाच्या, हातिमच्या, आईकडे गेली. पुरुषांच्या कानावर जायच्या आत बायकांत मिटलं तर मिटलं, एवढीच आशा. उम्म हातिम अंगणात सुबूर मासा साफ करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"उशीर केलास, वफीका. कालपासून सात जणींनी मला तो फोटो पाठवलाय. प्रत्येकीने वर लिहिलंय, अल्ला पोरीची अब्रू झाकून ठेवो."

"पाप माझं आहे. फोटो मी काढला. पोरीला बोल लावू नका."

"मी लावत नाही गं. पण हातिम काल रात्री जेवला नाही. त्याच्या चुलत्यांनी त्याला विचारलं, तुझी बायको आम्ही तुझ्या आधी बघायची होती का?" तिने सुरी खाली ठेवली. "आज पुरुषांच्या बैठकीत ठरेल. मी चहा द्यायला आत जाईन तेव्हा काय बोलायचं ते बोलेन. पण चहा देणारीचं कोण ऐकतं?"

बैठकीत ठरलं. लग्न मोडलं नाही, पण मंगळवारीच उरकायचं. मेंदी नाही, गाणी नाही, वफीका नाही. मुलीने फोन सासरी आणायचा नाही. कॉलेज बंद. नौरसच्या बापाने सगळ्याला मान हलवली. घरात तिला मारलं असंही कानावर आलं. विचारायला जायची सोय वफीकाला उरली नव्हती. मंगळवारी दुपारी निब्रासच्या फोनवर नौरसच्या आवाजातला एकच निरोप आला. "भाऊ फोन न्यायला आलाय. खालाला सांग, फोटो टाका असं मीच म्हटलं होतं. आणि तो तिथून तेवढा काढून टाका. कसाही काढा." मागे कुणीतरी दार बडवत होतं.

लग्न झालं. फोटो होता तिथेच होता. शुक्रवारी तो आणखी दोन पानांवर दिसला. निब्रास रोज तक्रार करी, रोज तेच उत्तर येई. त्या शुक्रवारी मात्र पडद्यावर नवा प्रश्न आला: या फोटोतली व्यक्ती तुम्हीच आहात का? असल्यास तुमचा चेहरा दाखवा.

"हो म्हण," वफीका म्हणाली.

"यम्मा, तू बावन्न वर्षांची आहेस."

"हो म्हण, म्हणते ना! तुझा चेहरा मी तिथे देणार नाही."

तिने दाराला कडी घातली. डोक्यावरचा रुमाल सोडला, वेणी उलगडली, आणि अर्धे पांढरे झालेले केस दोन्ही हातांनी खांद्यांवर पुढे ओढून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा ती उघड्या डोक्याने फोनसमोर बसली.

"जरा हस," निब्रास दबक्या आवाजात म्हणाली. "ती हसतेय त्यात."

वफीकाने हसायचा प्रयत्न केला.