मायाक्का बरी झाली

होटगीच्या माळावर कुणाची मेंढी मान वाकडी करून जागच्या जागी गरागरा फिरायला लागली, की लोक आधी धुळाप्पाला हाक मारायचे, देवाला नंतर. धुळाप्पा मेंढी गुडघ्यांत धरायचा, अंगठ्यानं टाळू चाचपायचा आणि हाड जिथं मऊ लागेल तिथं तापल्या विळ्याचं टोक टेकवायचा. काही मेंढ्या मरायच्या, काही गप्प उभ्या राहायच्या. गप्प राहिली की बरी झाली, असा त्याचा हिशेब.

मायाक्का ही त्याची एकुलती पोर. बारा वर्षांची होईपर्यंत तिच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तेरावं लागलं आणि पोरीच्या डोक्यात जत्रा भरली. सोलापूरच्या गिरणीचा भोंगा वाऱ्यावर माळापर्यंत यायचा, आणि तो कुणाला नवा नव्हता. मायाक्कानं एक दिवस पोरींना सांगितलं, की धुराड्यात एक एडका कोंडलाय, कितीही कातरली तरी त्याची लोकर सरत नाही, म्हणून तो बोंबलतोय. धाकट्या पोरी रडत घरी पळाल्या. दुसऱ्या दिवशी तोच एडका नवरदेव होऊन निघाला, तिसऱ्या दिवशी त्यानं गिरणीच्या मालकाला शिंगावर घेतलं. हे सगळं येतं कुठून, ते तिलाही कळत नव्हतं. एका शब्दाला हात लावला की दहा उठायचे. रात्री डोळा लागत नसे, सकाळी उठवत नसे. आईनं, अंबुबाईनं, हाक मारली की अंगावर धावून जायची आणि घटकेत एकटीच हसत बसायची.

आता शिकलेली माणसं सांगतात, की या वयात मेंदूची नव्यानं जुळणी होते. म्हणून पोरं अशी पेटतात, अशी चिडतात, आणि कुणाला न सुचलेलं त्यांना सुचतं. एकोणीसशे सत्तावीस साली त्या माळावर हे सांगायला कुणी नव्हतं. धुळाप्पाला मेंदू ठाऊक होता तो मेंढीचा.

लोकर कातरायच्या दिवशी चार बिऱ्हाडं एकत्र जमली. पुरुषांनी कातरत कातरत बिरोबाच्या ओव्या म्हणायच्या, बायकांनी भाकरी आणायची आणि ऐकायचं, ही रीत. ओव्या सांगायला येडू बसला होता. पाडव्यानंतर त्याच्या पोराशी, बिरप्पाशी, मायाक्काचं लग्न ठरलेलं. म्हणता म्हणता येडू अडखळला, आणि डोक्यावरची भाकरीची पाटी तशीच धरून मायाक्कानं त्याच चालीवर ओवी पुरी केली:

“येडूमामाच्या मिशीला तुपाची दोन बोटं,
चुलीम्होरं मांजर उपाशी, पारावर बोलणं मोठं!”

कातऱ्या थांबल्या. मग सगळा माळ हसला. सगळ्यांत मोठ्यानं धुळाप्पा हसला आणि मायाक्काला आभाळ ठेंगणं झालं.

येडू रागावला नाही. रागावून दोन शिव्या दिल्या असत्या तर पोर वाचली असती. हातातली कातर पुसत तो म्हणाला, “धुळाप्पा, गावाची मेंढरं बरी करतुस, आन् घरातलं दिसत न्हाय व्हय? पोर रातभर जागी, दिसा झोपल्याली. एकलीच हसती, हाक मारली की अंगावर येती. मेंढी आसती तर काय म्हनला आसतास? बरी करून दे. न्हाय तर आमच्या बिरप्पाला पोरी लई हायत.”

धुळाप्पाचं हसू गेलं. तो मायाक्काकडं बघायला लागला. असं त्यानं तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबुबाई म्हणाली, “ये, डोकं बगू दी.” उवा बघायच्या असतील म्हणून मायाक्कानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि एडक्याची पुढची गोष्ट सांगायला लागली. आईचे गुडघे आवळले. टाळूवर बापाचा अंगठा फिरू लागला.

“बा, काय करतुयास?”

“हालू नगंस. मऊ कुटं लागतंय बगतुय.”

मऊ कुठं लागेना. तेरा वर्षांच्या धडधाकट पोरीची कवटी ती, मऊ कशी लागेल? एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हात न चालल्याची नामुष्की त्याला सोसवेना. त्यानं अंदाजानं जागा धरली आणि विळा टेकवला. मग खात्रीसाठी शेजारी आणखी एकदा. अंबुबाई हमसून रडत होती, पण तिनं गुडघे सैल केले नाहीत.

ताप आला, जखम चिघळली, पोर जगली. पोरी विचारायच्या, “एडक्याचं पुडं काय झालं?” मायाक्का सांगायला तोंड उघडायची आणि पहिल्याच शब्दाला टाळूवर विस्तव पडल्यासारखी दचकायची. हळूहळू तिनं तोंड उघडणंच सोडलं. मग आतून उठणारे शब्दही यायचे थांबले, आणि तिला हायसं वाटलं. आता तिला रात्री झोप लागायची.

लग्नात बायकांनी नाव घ्यायला सांगितलं. तिला काही सुचेना. कुणा मावशीनं कानात सांगितलं तेवढं तिनं म्हणून टाकलं. येडूनं भर मांडवात धुळाप्पाला फेटा बांधला. आग लावावी असल्या मानाला! पण मांडवातल्या प्रत्येक आईबापानं तो फेटा बघितला.

उन्हाळ्यात, लग्नाला येऊन गेलेला शरणप्पा आपली थोरली पोर घेऊन आला. ती वयात येत होती आणि दिवसभर दगडांवर कोळशानं माणसांची तोंडं काढत बसायची. अंबुबाई बाजाराला गेली होती. धुळाप्पानं विळा विस्तवात घातला आणि माहेरी आलेल्या मायाक्काला हाक मारली. तिनं निमूट मांडी घातली, पोरीचं डोकं तीत घेतलं आणि गुडघे आवळले.

“भिऊ नगंस,” ती म्हणाली. “मागनं लई बरं वाटतंय.”

ती खोटं बोलत नव्हती.